इंजिन बंद पडलं तर विमान किती लांब जातं? प्रॉपची भानगड आणि बाकीचा हिशेब

घरी "फ्लाइंग शिकतोय" असं सांगितलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आणि वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर?" तिच्या डोळ्यांसमोर विहिरीत टाकलेला धोंडा असतो. विमानाला हवेत धरून ठेवतात ते पंख, इंजिन नाकावरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर ऊर्फ प्रॉप, फिरवून नुसतं पुढे ओढतं, हे तिला समजावून सांगावं लागतं. इंजिन थांबलं तर विमान उतारावर सोडलेल्या सायकलसारखं येतं, याला ग्लाइड म्हणतात. पेडल मारायचं थांबवलं तरी सायकल चालते, फक्त उतार लागतो. विमानाचा उतार म्हणजे त्याची उंची. सेसना १७२ या छोट्या शिकाऊ विमानाला हजार फूट उंची सुमारे दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर पुरते. (पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैलच.)

आईचं समाधान झालं की दुसरा प्रश्न येतो, आणि तो विद्यार्थ्याचा असतो. सोलो, म्हणजे एकट्याने पहिलं उड्डाण, होऊन चार दिवस झाले, थोडं वाचन झालं, की डोळे चमकतात: "सर, इंजिन गेल्यावर प्रॉप फिरत राहतो, तो ब्रेकसारखा ओढतो म्हणे. मग तो थांबवला तर जास्त लांब जाता येईल ना?" मीही हा प्रश्न विचारला होता. माझ्या इन्स्ट्रक्टरांचं उत्तर होतं, "प्रॉप बघू नकोस, शेत बघ." उत्तर बरोबर होतं, पण त्यामागचा हिशेब त्यांनी सांगितला नाही. तो इथे मांडतो.

उदाहरणासाठी जुनी, कार्ब्युरेटरवाली सेसना १७२ घेतोय: वजन जास्तीत जास्त २,३०० पौंड, ग्लाइडचा वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी ६५ नॉटिकल मैल. १७२ च्या नंतरच्या एस मॉडेलला ६८ लागतात, १५२ ला ६०. तुमच्या विमानाचा आकडा त्याच्याच हँडबुकातून घ्या, मित्राच्या वहीतून नको.

पहिली पायरी: आलेखाखालची बारीक अक्षरं वाचा

हँडबुकाच्या तिसऱ्या विभागात, आणीबाणीच्या पानांमध्ये, एक तिरकी रेघ असलेला आलेख असतो. उभ्या बाजूला उंची, आडव्या बाजूला अंतर. सगळे ती रेघ बघतात आणि दीड मैलांचा आकडा पाठ करतात. खाली चार ओळी असतात त्या सोडून देतात. त्यात लिहिलेलं असतं: वेग अमुक, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर, वारा शून्य, आणि प्रॉप विंडमिल होत असलेला, म्हणजे हवेच्या जोरावर फिरत असलेला.

प्रॉपच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. फिरत्या प्रॉपची ओढ त्या दीड मैलात आधीच धरलेली आहे. इंजिन गेल्यावर प्रॉप फिरत राहिला म्हणून पुस्तकातल्या आकड्यातून काही वजा होत नाही. वजा होतं ते दुसऱ्याच गोष्टींमुळे: विमान जुनं असतं, पंखांवर धूळ आणि चिलटं असतात, दारांची रबरं सैल झालेली असतात, आणि चालवणारे आपण असतो. मी नियोजनासाठी नऊचा रेशो, म्हणजे एक फूट उतरताना नऊ फूट पुढे, धरत नाही, आठ धरतो. म्हणजे हजार फुटांमागे सव्वा मैलाच्या किंचित वर, जवळपास २.४ किलोमीटर.

दुसरी पायरी: उंची जमिनीपासून मोजा

ही चूक नवखे सर्रास करतात. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि आपण राहतो दख्खनच्या पठारावर. पुण्याच्या लोहगावची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून १,९४० फुटांच्या आसपास आहे. तिथे अल्टिमीटरवर ५,००० दिसत असतील तर ग्लाइडसाठी तुमच्याकडे तीन हजार आणि वर चिल्लर एवढंच आहे. मुंबईत शिकून आलेला मुलगा घाट चढून आला की हे दोन हजार फूट सुरुवातीला विसरतोच. उड्डाणाआधी मांडीवरच्या पॅडवर त्या भागातल्या जमिनीची उंची मोठ्या आकड्यात लिहून ठेवा. डोंगर असेल तर डोंगराची.

आता ३,००० फुटांचा हिशेब. पुस्तकाप्रमाणे साडेचार नॉटिकल मैल, ८.३ किलोमीटर, आणि वेळ सुमारे चार मिनिटं. आठच्या रेशोने चार मैलांच्या जरा खाली. चार मिनिटं ऐकायला भरपूर वाटतात. सिम्युलेटरमध्ये एकदा घड्याळ लावून बसा. चेकलिस्ट शोधण्यातच पहिलं मिनिट जातं.

हवेत आकडेमोड होत नाही, म्हणून एक गावठी माप सांगतो. नऊचा रेशो म्हणजे क्षितिजाखाली साधारण सव्वासहा अंश, आठचा म्हणजे सात अंश. हात पूर्ण लांब करून चार बोटं आडवी धरली तर तेवढाच, सात-आठ अंशांचा पट्टा झाकला जातो. वरचं बोट क्षितिजावर टेकवा. खालच्या बोटाच्या खाली जे दिसतं ते वारा नसताना आवाक्यात. बोटांआड जे झाकलं गेलं ते सोडून द्या. प्रत्येकाचा हात आणि बोटं वेगळी, त्यामुळे हे माप आधी एखाद्या शांत सकाळी ओळखीच्या गावांवर ताडून बघा.

तिसरी पायरी: वेग धरा, पण त्याची दहशत नको

६५ नॉटलाच का? हवेचा विरोध दोन प्रकारचा असतो. एक वेगाबरोबर वाढतो, सायकलवर तोंडावर येतो तसा. दुसरा पंख हवा खाली ढकलतात त्याची किंमत म्हणून लागतो, आणि तो हळू गेलं की वाढतो. दोन्हींची बेरीज एका वेगाला सर्वात कमी होते. तोच ग्लाइडचा वेग.

विद्यार्थ्यांना वाटतं ६४ किंवा ६७ झाले की सगळं बुडालं. तसं नसतं. या दोन विरोधांचं नेहमीचं गणित मांडलं तर १० टक्के जास्त वेग, म्हणजे ७२ नॉटच्या आसपास, अंतर जेमतेम २ टक्क्यांनी कमी करतो. ७८ नॉटला तोटा सहा-सात टक्के. ८५ ला मात्र तो जवळपास १३ टक्क्यांवर जातो. हळू बाजूला गणित साधारण असंच आहे, पण तिकडे स्टॉल, म्हणजे वेग फार पडल्याने पंखांची उचल तुटणं, बसलेला असतो. त्यामुळे चुकायचंच असेल तर दोन-तीन नॉट वर चुका. नाक वर ओढून "जरा लांब नेऊ" हा मोह प्रत्येकाला होतो. शेत पुढे सरकत नाहीसं वाटलं की हात आपोआप मागे येतो. विमान तेव्हा लांब जात नाही, जास्त उभं खाली बसतं. ट्रिम (नाक आहे तिथे धरून ठेवणारं चाक) लावून ठेवा म्हणजे हाताला मोह होणार नाही.

वजनाबद्दल थोडक्यात: हलक्या विमानाचा ग्लाइड रेशो तोच राहतो, फक्त तो मिळतो कमी वेगाला. २,३०० पौंडांना ६५, तर १,९०० पौंडांना सुमारे ५९. दोघं बसलेले असताना आणि एकटे असताना हा फरक जाणवतो.

चौथी पायरी: वारा

प्रॉपवर तासभर चर्चा करणारी मंडळी वाऱ्याबद्दल एक वाक्य बोलतात. प्रमाण उलटं हवं. ३,००० फुटांवरून वारा नसताना साडेचार मैल. समोरून २० नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग ४५, आणि अंतर ३.१ मैल. तोच वारा पाठीमागून असेल तर ५.९. एकाच उंचीवरून, त्याच विमानात, एका बाजूला तीन मैल आणि दुसऱ्या बाजूला जवळपास सहा. प्रॉप थांबवून मिळणारा फायदा कुणी कितीही सांगितला तरी एवढा नसतो.

समोरच्या वाऱ्यात वेग वाढवावा, वाऱ्याच्या निम्म्याने, असा एक नियम सांगितला जातो. नियम बरोबर आहे, पण त्यातून किती मिळतं ते मी एकदा कागदावर काढलं. २० नॉटच्या वाऱ्यात ६५ ऐवजी ७५ ने गेल्यास अंतर दीड-दोन टक्क्यांनी वाढतं. ३० नॉटच्या वाऱ्यात ८० ने गेल्यास सहा-सात टक्के. म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्यात उपयोग आहे, एरवी ६५ ला चिकटून राहिलात तरी चालेल. खरा उपयोग दिशा निवडण्याचा. वाऱ्याविरुद्ध दिसणारं सुंदर माळरान सोडून वाऱ्याबरोबरचं साधं शेत घ्या.

आणि वारा कुठून आहे हे इंजिन गेल्यावर शोधायचं नसतं. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यांसारखा वारादर्शक नाही. वीस किलोमीटरवरून दिसतो. बाकी दिवसांत पाचट जाळल्याचा धूर, तळ्याच्या एका काठाशी दिसणारं निवांत पाणी, रस्त्यावरून उडणारी धूळ. दर दहा मिनिटांनी एकदा बघून ठेवायची सवय लावा.

पाचवी पायरी: आता प्रॉप

इंजिन चालू असतं तेव्हा ते प्रॉप फिरवतं आणि प्रॉप हवा मागे ढकलतो. इंजिन मेलं की नातं उलटं होतं. समोरून येणारी हवा पात्याच्या दुसऱ्या अंगावर आदळते आणि प्रॉपला फिरवते, प्रॉप इंजिनला फिरवतो. साताऱ्याहून ठोसेघरच्या बाजूला चाळकेवाडीच्या पठारावर ज्या पवनचक्क्या दिसतात, तशीच एक पवनचक्की आता तुमच्या नाकावर बसलेली असते. फरक एवढाच की तिची वीज कुणाच्या घरी जात नाही. ती चार सिलिंडरांमधली हवा दाबण्यात, कॅमशाफ्ट, ऑइल पंप आणि मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) फिरवण्यात खर्च होते. ही ऊर्जा येते तुमच्या उंचीतून.

फिरणारी पाती थांबलेल्या पात्यांपेक्षा जास्त का अडवतात, हे पटायला जड जातं. माधवीलतेची तीन पंखांची बी वरून सोडून बघा. गरगरत, रमतगमत येते. पंख मोडून सोडा, टपकन पडते. फिरताना ती छोटी पाती पूर्ण वर्तुळातल्या हवेशी झटापट करतात. १७२ च्या प्रॉपचा व्यास ७५ इंच, म्हणजे वर्तुळ जवळपास २.८ चौरस मीटर. दोन पात्यांचं प्रत्यक्ष क्षेत्रफळ त्याच्या छोट्या अंशाएवढं. म्हणून आपल्यासारख्या, पाती चपट्या कोनात पक्की बसवलेल्या प्रॉपमध्ये फिरण्याची ओढ थांबण्यापेक्षा जास्त असते. इथे एक गुंतागुंत आहे: पात्यांचा कोन बराच मोठा, म्हणजे पिच जाड असेल तर हे उलटं होऊ शकतं, तिथे थांबलेला प्रॉप जास्त अडवतो. त्यामुळे "थांबलेला प्रॉप केव्हाही बरा" हे वाक्य सगळ्या विमानांना लावू नका.

तर मग १७२ मध्ये थांबवावा का?

एकदा, भरपूर उंचीवर आणि बरोबर खाली मोकळी धावपट्टी असताना, माझ्या इन्स्ट्रक्टरांनी तो थांबवून दाखवला. मिक्श्चर, म्हणजे इंजिनाला जाणारं इंधन, बंद केलं. प्रॉप फिरतच राहिला, जणू काही झालंच नाही. नाक वर घ्यायला सुरुवात केली: ६०, ५५, ५०. स्टॉलचा भोंगा रडायला लागला तरी प्रॉप फिरतोय. मग पाती दिसायला लागली, एकेका कॉम्प्रेशनला अडखळत, उसाच्या चरकात कांडं अडकल्यासारखी. शेवटचा एक हिसका, आणि एक पातं काचेसमोर तिरकं उभं. नंतरची शांतता मला अजून आठवते. वाऱ्याची बारीक शीळ आणि पॅनेलमागे कुठल्याशा जायरोची गुणगुण. इंजिन फिरत नाही म्हणजे व्हॅक्युम पंप बंद, कृत्रिम क्षितिज थोड्या वेळाने आडवं व्हायला लागणार. अल्टरनेटर बंद, सगळा भार बॅटरीवर. परत ६५ नॉट मिळवायला नाक खाली टाकावं लागलं. हा खेळ शिकाऊ माणसाने करायचा नाही, हे त्यांनी उतरल्यावर दोनदा सांगितलं.

आता हिशेब. समजा प्रॉप थांबवल्याने ग्लाइड एक दशांशाने सुधारतो. जमिनीपासून २,००० फुटांवर असाल तर ही कमाई २०० फुटांच्या मोलाची. ती मिळवायला अर्धा मिनिट स्टॉलच्या काठावर काढायचं, जिथे विमान सर्वात वाईट ग्लाइड करतं, आणि मग वेग परत मिळवायला नाक खाली. कमाईतला बराचसा भाग तिथेच जातो. वर आणखी एक किंमत: फिरता प्रॉप म्हणजे चालू स्टार्टर. पेट्रोलची टाकी बदलली, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) लावली आणि इंजिनाला पुन्हा इंधन मिळालं की ते आपोआप पेट घेतं. थांबलेल्या प्रॉपला किल्ली फिरवावी लागते; चेकलिस्टमध्येही तसंच लिहिलंय, मॅग्नेटो दोन्हीवर, प्रॉप थांबला असेल तर स्टार्टवर. बॅटरीने दगा दिला तर जोरात डाइव्ह मारून तो फिरवायचा, म्हणजे उरलेली उंचीही गेली. सरावाच्या उंचीवर, एका इंजिनाच्या पक्क्या पिचच्या विमानात माझं उत्तर साधं आहे: प्रॉपला हात लावू नका. इंजिनच जाम होऊन प्रॉप आपसूक थांबला असेल तर मात्र थोडा जास्त ग्लाइड मिळेल, तो बोनस समजा.

निळ्या लीव्हरचं विमान असेल, म्हणजे सेसना १८२ किंवा पायपर अ‍ॅरोसारखं बदलत्या पिचचं, तर गोष्ट वेगळी. तिथे एक स्वस्त युक्ती आहे. प्रॉपचा लीव्हर पूर्ण मागे ओढा. ऑइलचा दाब शिल्लक असेल तर पाती जाड पिचला जातात, फिरणं मंदावतं, आणि पाठीवर कुणीतरी हलकासा हात ठेवल्यासारखं विमान पुढे सरकतं. इन्स्ट्रक्टरबरोबर एकदा जरूर करून बघा, व्हर्टिकल स्पीडचा काटा वर सरकलेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. अट मात्र लक्षात ठेवा: एका इंजिनाच्या बहुतेक विमानांत पाती जाड पिचला नेण्याचं काम ऑइलचा दाब करतो. ऑइल गळून इंजिन गेलं असेल तर पाती उलट चपटी होतात आणि लीव्हर नुसता हातात राहतो. चढताना हाच लीव्हर पूर्ण पुढे असतो, म्हणजे टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर ओढ सर्वात जास्त, आणि लीव्हर मागे घ्यायची आठवण सर्वात कमी.

दोन इंजिनांच्या विमानात याच ओढीमुळे जीव जातात. मेलेल्या इंजिनाचा फिरता प्रॉप नाक एका बाजूला खेचतो, म्हणून तिथे पाती वाऱ्याला समांतर करायची सोय असते, तिला फेदर करणं म्हणतात. वादळी वाऱ्यात आधुनिक पवनचक्क्या पाती वळवून उभ्या राहतात, तेच तंत्र. बहुतेक ट्विनमध्ये ऑइलचं काम सिंगलच्या उलट असतं: दाब गेला की पाती फेदरकडे जातात. पण फिरण्याचा वेग फार पडला की आतल्या खिट्ट्या अडकतात आणि फेदर होत नाही. म्हणून तिथे विचार करत बसायला वेळ नसतो. ट्विनचं प्रशिक्षण सुरू होईल तेव्हा यावरच दहा तास जातील, आत्ता एवढं पुरे.

सहावी पायरी: खरंच बंद पडलं तर

क्रम असा. आधी ६५ नॉट आणि ट्रिम. मग वाऱ्याचा विचार करून जागा, आणि विमान तिकडे वळवणं. वळलेलं असताना, त्याआधी नाही, कारण शोधायचं: कार्ब हीट लावा, फ्युएल सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर, मिक्श्चर रिच, मॅग्नेटो दोन्हीवर, प्राइमर (इंधनाचा हातपंप) आत आणि लॉक. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ आपल्या उकाड्यात होत नाही असं वाटतं, पण दमट हवेत, थ्रॉटल मागे असताना, तो विशीतल्या तापमानातही होतो. तेवढ्यात काही झालं नाही तर मेडे, म्हणजे संकटाची हाक, चालू फ्रिक्वेन्सीवर नाहीतर १२१.५ वर, आणि ट्रान्सपाँडरला (रडारला ओळख देणारं यंत्र) आणीबाणीचा कोड ७७००. बोलण्यापायी वेग सुटू देऊ नका.

जागेबद्दल आपल्याकडचं ज्ञान इंग्रजी पुस्तकात मिळत नाही. वरून एकसारखं हिरवंगार दिसणारं शेत बहुधा ऊस असतो, माणसाच्या दुप्पट उंचीचा. फिकट, कापणी झालेलं ज्वारी-गव्हाचं रान सर्वात चांगलं. नांगरलेल्या काळ्या रानात उतरायचं तर नांगराच्या तासांच्या दिशेने, आडवं नाही. पावसाळ्यात काळी माती चाक धरून ठेवते, तेव्हा मुरमाड माळ बरा. बांध वरून दिसत नाहीत, बांधावरची झाडं दिसतात. कठडा नसलेल्या विहिरी दिसत नाहीत, त्यांच्याकडे जाणारी गाडीवाट आणि पंपाची खोली दिसते. विजेच्या तारा कधीच दिसत नाहीत, खांब शोधा.

जागेच्या बाजूला हजारेक फूट उरलेले असताना डाउनविंडसारखं, म्हणजे उतरण्याच्या उलट दिशेला समांतर, पोचलात तर पुढचं सगळं रोजच्या सर्किटसारखं (धावपट्टीभोवतीच्या फेरीसारखं) होतं. काचेवर एक जागा स्थिर दिसते, तिथेच तुम्ही पोचणार. शेत काचेत वर सरकत असेल तर ते हुकतंय, खाली सरकत असेल तर उंची जास्त आहे. जास्त उंची चांगली. ती फेकता येते, विकत घेता येत नाही. फ्लॅप घ्या, नाहीतर साइडस्लिप मारा, म्हणजे विमान तिरकं करून घसरवा. २३ जुलै १९८३ रोजी इंधन संपलेलं एअर कॅनडाचं बोइंग ७६७ कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या तळावर उतरवताना कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी हेच केलं. ते ग्लायडर चालवणारे होते, हात तयार होता. १७२ मध्ये मात्र हँडबुक बघा. काही मॉडेलांमध्ये २० अंशांपेक्षा जास्त फ्लॅप असताना तीव्र साइडस्लिप टाळायला सांगितलंय.

जागा नक्की मिळतेय असं दिसलं की मिक्श्चर बंद, फ्युएल बंद, मॅग्नेटो बंद. १७२ चे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून आधी फ्लॅप आणि मगच मास्टर स्विच (मुख्य वीज) बंद. दारांच्या कड्या काढा. फ्लॅप खाली असताना ६० नॉट.

टेकऑफनंतर लगेच गेलं तर धावपट्टीवर परत वळायचा मोह होतो. ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो आणि खाली येण्याचा दर सुमारे १.७ पट होतो. आधी तीन-चार सेकंद तर "हे खरंच झालं का" यातच जातात. कमी उंचीवर समोर, थोडं डावं-उजवं, जे मिळेल ते घ्या. किती उंचीनंतर वळायचं हा आकडा तुमच्या इन्स्ट्रक्टरबरोबर, त्याच विमानात, वर जाऊन काढायचा असतो आणि प्रत्येक टेकऑफआधी मोठ्याने म्हणायचा असतो.

सातवी पायरी: स्वतःचा आकडा काढा

लागतं एक स्टॉपवॉच, एक वही आणि शेजारी इन्स्ट्रक्टर. पहाटेची स्थिर हवा घ्या. अल्टिमीटरवर ४,५०० च्या थोडं वर कार्ब हीट लावा, थ्रॉटल पूर्ण मागे, फ्लॅप वर, बॉल (घसरण दाखवणारी गोळी) मध्ये, ६५ नॉट आणि ट्रिम. ४,५०० ला घड्याळ सुरू, ३,५०० ला बंद.

मग हा गुणाकार: खरा वेग नॉटमध्ये, गुणिले १.६९, गुणिले सेकंद, भागिले हजार. खऱ्या वेगासाठी दर हजार फुटांना २ टक्के वाढवा. ४,००० फुटांवर ६५ चे सुमारे ७० होतात. पुस्तकातल्या नऊच्या रेशोला इथे ७६ सेकंद यायला हवेत.

माझ्या पहिल्या खेपेला ६१ सेकंद आले. वाईट वाटलं. मग वहीत बघितलं: काटा ७४ च्या आसपास भटकत होता, म्हणजे खरा वेग ८०. ८० गुणिले १.६९ गुणिले ६१, रेशो ८.२. दुसऱ्या खेपेला नीट ६५ धरले, ७२ सेकंद, रेशो ८.५. घड्याळात ११ सेकंदांचा फरक मोठा दिसला, अंतरात तो ०.३ निघाला. वेगाची दहशत माझ्या मनातून त्या सकाळी गेली, आणि आठचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर गेला.

दोन सूचना. थ्रॉटल मागे घेतलेलं इंजिन मेलेलं नसतं. आयडलवर ते प्रॉपला थोडा हात देतं, त्यामुळे खरी वेळ आली तर उतार याहून किंचित तीव्र असेल. माझ्या साडेआठाचे आठ होण्याचं तेही एक कारण. आणि दर ५०० फुटांना थ्रॉटल थोडा पुढे नेऊन इंजिन साफ करून घ्या, नाहीतर गार पडलेलं इंजिन सरावातच खोकायला लागेल. मोजणीच्या हजार फुटांत असं केलं तर ती खेप बाद धरा आणि परत वर चढा.